जुन्या शॉकअपची किंमत कशी ठरवायची? कारचे वापरलेले सस्पेन्शन पार्ट मोबाइलवरून विकताना

माझी पहिली जाहिरात अडीच महिने तशीच पडून होती. स्विफ्टच्या पुढच्या स्ट्रटची जोडी, फोटो झकास, वर ‘एकदम मस्त कंडिशन’ असं लिहिलेलं, आणि किंमत ४,५००. फोन आले तीन. एकाने ‘एक हजार देतो’ म्हटलं आणि मी रागाने ठेवून दिला. आता मागे वळून बघतो तर तो माणूस बरोबर होता, चुकलो होतो मी.

किंमत कशी काढली होती ते सांगतो, कारण बहुतेक जण अशीच काढतात. कंपनीच्या नव्या मालाची एमआरपी शोधली, तिला दोनने भागलं, वर थोडं घासाघिशीसाठी ठेवलं. ‘नव्याच्या निम्म्यात मिळतंय, अजून काय पाहिजे?’ असं वाटलं होतं. या लेखात हा हिशोब कुठे फसतो आणि योग्य आकडा मोबाइलवर कसा काढायचा ते बघूया. सेकंड हँड फोन विकण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण फोन बिघडला तर कॉल कट होतो. चालत्या गाडीचा बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं.

आमच्याकडे हा धंदा चालतो का?

चालतो. वज्रेश्वरी आहे शिरसाड–अंबाडी रस्त्यावर. पश्चिमेला शिरसाड फाट्याला मुंबई–अहमदाबाद हायवे, पूर्वेला अंबाडीला भिवंडी–वाडा रस्ता. भिवंडीच्या गोदामांमुळे जड गाड्यांची वर्दळ, त्यात शनिवार-रविवारी देवीला आणि अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या लोकांच्या गाड्या. पाऊस सुरू झाला की रस्त्यावर खड्डे पडतात, आणि खड्ड्याचा पहिला मार बसतो टायरवर, दुसरा सस्पेन्शनवर. जुलैच्या शेवटी गॅरेजच्या बाहेर ‘पुढून खडखड आवाज येतोय’ म्हणणाऱ्यांची रांग दिसते. त्यातले बरेच जण गणपतीला कोकणात जायच्या आधी काम उरकायला बघतात. म्हणजे मागणीला हंगाम आहे, आणि हंगाम आहे म्हटल्यावर भावालाही आहे. एप्रिलमध्ये न खपलेला माल ऑगस्टमध्ये त्याच किमतीला जातो. पण चार महिने घरात तेलकट लोखंड ठेवायला आई परवानगी देते का, हा वेगळा प्रश्न.

माल येतो कुठून? काही स्थानिक गॅरेजमधून, काही अपघातात गेलेल्या गाड्यांमधून, आणि बराचसा मुंबईतल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. गाडीतून काढलेल्या जुन्या पार्टसाठी ती जागा प्रसिद्धच आहे. नवीन स्पेअर हवे असतील तर लोक ऑपेरा हाउसच्या बाजूला जातात. दोन्ही बाजारांत एकदा तरी फिरून या. काहीही विकत न घेता नुसते भाव विचारून आलात तरी शहाणे व्हाल.

आधी हातात काय आहे ते ओळखा

‘स्विफ्टचा शॉकअप’ एवढ्यावर किंमत निघत नाही. भारतात स्विफ्ट २००५ मध्ये आली, मग २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये नवीन पिढ्या आल्या. एकीचा माल दुसरीला बसेलच असं नाही. त्यात पेट्रोल आणि डिझेल वेगळं, कारण डिझेल इंजिन जड असतं आणि त्याला पुढची स्प्रिंग वेगळ्या ताकदीची लागते. स्प्रिंगवर रंगाचे छोटे पट्टे असतात ते शोभेला नसतात, कोणती स्प्रिंग कोणत्या व्हेरिएंटची हे ओळखण्यासाठी असतात. घासून साफ करताना ते पुसू नका. मी पुसले होते.

खरी ओळख म्हणजे पार्ट नंबर. तो स्टिकरवर असतो किंवा लोखंडावर ठोकलेला असतो. मारुतीच्या गाड्यांत पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात. ४१६०१ ने सुरू होणारा पुढचा उजवा स्ट्रट, ४१६०२ म्हणजे डावा. लोअर आर्म ४५२०१ उजवा, ४५२०२ डावा. पुढची अक्षरं-आकडे मॉडेल सांगतात. डावा-उजवा घोळ हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्तात टाळता येणारा तोटा आहे. लक्षात ठेवा, डावा-उजवा गाडीत बसलेल्या ड्रायव्हरच्या बाजूने ठरतो. बोनेटसमोर उभं राहून ठरवाल तर उलटा निघेल.

नंबर पुसट असेल तर मोबाइलची एक युक्ती. टॉर्च समोरून मारू नका, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, लोखंडाला लागून धरा. ठोकलेल्या अक्षरांची सावली पडते आणि नंबर उठून दिसतो. तेवढ्यात फोटो काढा, गूगल लेन्समध्ये उघडा आणि टेक्स्ट कॉपी करा. लेन्स कधी कधी शून्याला इंग्रजी ‘ओ’ समजतं, म्हणून एकदा डोळ्याने ताडून बघा. मग तो नंबर बूडमोसारख्या पार्ट शोधायच्या साइटवर टाकला की कोणत्या गाडीला बसतो, कंपनीचा माल कितीला आणि दुसऱ्या ब्रँडचा कितीला, हे एकाच पानावर दिसतं.

कंपनीची एमआरपी विसरा

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो. जुन्या पार्टची स्पर्धा कंपनीच्या नव्या पार्टशी नसतेच. जो माणूस जुना स्ट्रट घ्यायला तयार आहे, तो शोरूममध्ये जाणारच नव्हता. त्याच्यासमोर दुसरा पर्याय असतो तो बाजारातला नवीन पण स्वस्त माल: गॅब्रिएल, मन्रो, केवायबी वगैरे. यातली गॅब्रिएल इंडिया तर १९६१ पासूनची कंपनी, गाड्या बनवणाऱ्यांनाही शॉकॲब्सॉर्बर पुरवते. म्हणजे हा काही टाकाऊ पर्याय नाही, आणि वर वॉरंटी. तुमच्या जुन्या मालाचं छप्पर ही किंमत आहे. त्याच्या वर गेलात की गिऱ्हाईक गेलं.

किंमत बघताना स्क्रीनशॉटची तारीखही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधी जी वस्तू कर धरून १२८ रुपयांना पडायची, ती आता ११८ ला पडायला हवी, म्हणजे सुमारे ८ टक्के कमी. नवीन माल स्वस्त झाला की जुन्याचं छप्परही खाली येतं. त्याआधीचा एखादा व्हिडिओ बघून भाव ठरवाल तर सुरुवातीलाच महाग पडाल.

निम्मं आयुष्य म्हणजे निम्मी किंमत? नाही

हा भाग जरा सावकाश वाचा, सगळी गंमत यातच आहे. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गाडीचे तुम्ही टाका.

समजा बाजारातला नवीन स्ट्रट २,४०० ला एक, म्हणजे जोडी ४,८००. बसवायची मजुरी आणि अलाइनमेंट मिळून १,०००. गिऱ्हाइकाचा एकूण खर्च ५,८००. ती जोडी ६०,००० किलोमीटर चालते असं धरू. तुमच्या जुन्या जोडीचं निम्मं आयुष्य उरलंय, म्हणजे ३०,०००. साधा हिशोब म्हणतो, ४,८०० चे निम्मे २,४००, तेवढे मागा.

पण मजुरी निम्मी होत नाही ना! मिस्त्री जुना स्ट्रट बसवायलाही पूर्ण १,००० घेणार. आणि ३०,००० किलोमीटरनंतर परत घेणार. गिऱ्हाईक खर्च करतो तो किलोमीटर विकत घेण्यासाठी. ५,८०० मध्ये ६०,००० मिळत असतील तर ३०,००० साठी त्याने जास्तीत जास्त २,९०० द्यावेत. त्यातले १,००० मिस्त्रीला गेले. उरले १,९००. म्हणजे जोडीमागे १,९००, नगामागे ९५०.

अजून थांबा. नव्याला वॉरंटी आहे, तुमच्याला नाही. ही जोखीम फुकट कोणी घेत नाही. मी साधारण पाव हिस्सा वजा करतो, तो माझा अंदाज आहे, तुमचा वेगळा असू शकतो. १,९०० मधून पाव गेला की उरतात १,४२५. मी मागत होतो ४,५००! ‘एक हजार देतो’ म्हणणारा माणूस घासाघीस करून १,४०० ला नक्की आला असता.

हा हिशोब आणखी एक गोष्ट सांगतो. मजुरी जेवढी जास्त, तेवढा जुना पार्ट कमी किमतीचा. जो पार्ट काढायला-बसवायला दोन मिनिटं लागतात तो जुना विकत घेणं परवडतं. ज्यासाठी अर्धी गाडी खोलावी लागते, तिथे लोक नवीनच टाकतात, आणि शहाणपणाचंच आहे ते.

काय विकावं, काय भंगारात टाकावं

सस्पेन्शनमध्ये दोन जातीचे पार्ट असतात. एक झिजणारे: शॉकॲब्सॉर्बर, बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, वरचं माउंटिंग. दुसरे सहसा न झिजणारे, म्हणजे मार लागला तरच खराब होणारे: नकल, क्रॉस मेंबर, मागचा ॲक्सल बीम. जुन्या बाजारात खरा पैसा दुसऱ्या जातीत आहे. अपघातात ॲक्सल बीम वाकलेल्या गाडीला नवीन बीम कंपनीकडून घ्यायचा तर खिसा रिकामा होतो, आणि स्वस्त ब्रँडचा सहसा मिळत नाही. म्हणजे छप्पर उंच. सरळ, न गंजलेला, वेल्डिंग न केलेला बीम असेल तर घाई करू नका, गिऱ्हाईक येतं. फक्त न्यायची सोय त्याला करू द्या. तो कुरियरने पाठवायची वस्तू नाही.

स्प्रिंग मधल्या जातीची. झिजत नाही पण बसते आणि गंजते. जोडीतल्या दोन्ही स्प्रिंग सपाट फरशीवर शेजारी उभ्या करा. उंचीत फरक दिसला तर जोडी म्हणून विकू नका. टोकाच्या वेढ्यावर गंजाचे खड्डे असतील तर तुटायची जागा तीच असते.

इथे एक इशारा, आणि हा मी गमतीत देत नाहीये. स्प्रिंगसकट आलेला स्ट्रट घरी खोलू नका. वरचा नट सोडवला की दाबलेली स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते. जबडा फुटतो, जीव जाऊ शकतो. स्प्रिंग कंप्रेसर आणि तो वापरणारा माणूस असेल तरच. नाहीतर आहे तसा पूर्ण विका, पूर्ण असेंब्लीला भावही बरा मिळतो कारण गिऱ्हाइकाची मजुरी वाचते.

आणि बॉल जॉइंट. हे सांगायला लाज वाटते पण सांगतो. वॅगनआरचा एक लोअर आर्म मी ६०० ला विकला होता. रबरी बूट एका बाजूने फाटलेला होता, मला दिसला होता. मनाशी म्हटलं, हाताने हलवून तर घट्ट लागतोय. दोन दिवसांनी तो दादा पार्ट परत घेऊन आला. त्याच्या मिस्त्रीने बसवायला नकार दिला होता. गाडीतून तो रोज शाळेची पोरं सोडत होता. भांडला नाही, फक्त विचारलं, ‘भाऊ, तुझ्या घरच्या गाडीला लावला असतास का?’ मी पैसे परत दिले, रिक्षाचेही दिले.

बूट फाटला की आतलं ग्रीस जातं, पाणी-माती शिरते आणि गोळा आतून खाल्ला जातो. हाताला घट्ट लागतो कारण गंजलेला असतो! तेव्हापासून माझ्या शीटमध्ये जुन्या बॉल जॉइंटची किंमत शून्य आहे. ज्या आर्मचा बॉल जॉइंट वेगळा निघतो तो काढून नुसता आर्म विकतो, आणि ‘बॉल जॉइंट नवीन टाकावा लागेल’ असं ठळक लिहितो. ज्याचा निघत नाही, तो भंगारात.

शॉकअप तपासायचा व्हिडिओ

फोटोवरून शॉकअप कळत नाही. चकाचक काळा रंग मारलेला शॉकअप बघितला की जाणकार माणूस आधी संशय घेतो, कारण तेलाची गळती लपवायचा तो सगळ्यात जुना मार्ग. रंग मारू नका. कोरड्या फडक्याने पुसा, बस.

व्हिडिओ एकाच शॉटमध्ये काढा, मध्ये कट नको. सुरुवात पार्ट नंबरपासून करा म्हणजे तोच नग आहे याची खात्री पटते. मग शॉकअप उभा धरून रॉड पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. पहिले दोन-तीन झटके मऊ लागले तर घाबरू नका, आडवा पडून राहिला असेल तर आत हवा सरकलेली असते. चार-पाच वेळा उभा धरून पंप केला की ती जागेवर जाते. त्यानंतरही मध्येच ‘पोकळ’ लागत असेल तर आतला वॉल्व्ह किंवा तेल गेलंय. गॅसचा असेल तर दाबून सोडल्यावर रॉड स्वतःहून हळूहळू वर येतो. तो वर येताना कॅमेरा स्थिर ठेवा. हा दहा सेकंदांचा तुकडा हजार शब्दांपेक्षा जास्त काम करतो. शेवटी रॉड गोल फिरवून दाखवा, वाकडा असेल तर लगेच डोलताना दिसतो. रॉडवर गंजाचे ठिपके किंवा ओरखडे असतील तर जवळून दाखवा. ते सील कापतात, आज गळत नसला तरी महिन्यात गळेल.

सीलपाशी हलकी ओलसर धूळ असली तर चालतं. खालपर्यंत ओघळ असेल तर तो शॉकअप गेला, कितीही छान दिसो. एक चांगला आणि एक गेलेला असेल तर ‘जोडी’ राहिली नाही. एकटा शॉकअप निम्म्या किमतीलाही कोणी घेत नाही, कारण एकाच ॲक्सलवर एक कडक, एक मऊ असा लावला की ब्रेक मारताना गाडी ओढते. जोडीचा भाव जोडीलाच.

ओएलएक्सवर दिसणारा भाव खरा नसतो

जाहिरातींवरून भाव काढणं सोपं वाटतं. पण विचार करा, आज तुम्हाला कोणत्या जाहिराती दिसतायत? ज्यांचा माल विकला गेला नाही त्यांच्या! योग्य किमतीचा माल दोन दिवसांत जातो आणि जाहिरात गायब होते. महाग लावलेला महिनोन्‌महिने तिथेच राहतो. म्हणून सर्च करून जो आकडा दिसतो तो बाजारभाव म्हणता येत नाही, तो न खपणारा भाव असतो. बाहेरच्या देशांत लोक ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावून खरा भाव बघतात. आपल्याकडे ईबेची भारतीय साइट २०१८ मध्येच बंद झाली, त्यामुळे ते काम आपल्याला हाताने करावं लागतं.

मी असं करतो. माझ्या मॉडेलच्या पार्टच्या आठ-दहा जाहिराती सेव्ह करतो आणि गूगल शीटमध्ये टाकतो: तारीख, गाडी, बाजू, मागितलेली किंमत. दर रविवारी उघडून बघतो. आठवड्यात गायब झालेल्या हिरव्या रंगात, महिना उलटूनही असलेल्या लाल रंगात. दोन महिन्यांत हिरव्या आणि लाल रंगाच्या मधली रेष आपोआप दिसायला लागते. काही जाहिराती मालकाने कंटाळून काढलेल्या असतात हे खरं, पण अंदाजाला पुरतं.

सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. समजा पाच जाहिराती आहेत: ९००, १,०००, १,१००, १,२०० आणि माझ्यासारख्या एखाद्याचे ४,५००. सरासरी येते १,७४०, आणि त्या भावाला कोणीच विकत नाहीये. मधला आकडा येतो १,१००. शीटमध्ये यासाठी मीडियन नावाचं फंक्शन आहे.

विकत घेताना उलटा हिशोब

पैसा विकताना मिळत नाही, घेताना मिळतो, असं कुर्ल्यातला प्रत्येक दुकानदार सांगतो (आणि मग तुम्हालाच महाग विकतो). जोडी १,४२५ ला जाणार हे ठरलं असेल तर मागे मागे या. मला ३०० सुटले पाहिजेत. आणण्याचा, पुसण्याचा, पॅकिंगचा खर्च १५०. दर सहा-सात जोड्यांमागे एक खराब निघते किंवा परत येते, त्यासाठी २१५ बाजूला. उरले ७६०. या आकड्याच्या वर मी घेत नाही, समोरचा कितीही ‘ओरिजिनल आहे भाई’ म्हणो. तळाला भंगाराचा भाव असतो. स्प्रिंगसकट एक स्ट्रट समजा सात किलो आणि लोखंड तीस रुपये किलो, तर २१०. काही झालं तरी तेवढे परत येतात, म्हणून घेताना वजनाचा अंदाजही घ्या. ॲल्युमिनियमचा आर्म असेल तर हा तळ बराच वर असतो.

न खपणाऱ्या मालाचं काय? मी तीन आठवड्यांनी दहा टक्के उतरवतो. भावनिक व्हायचं नाही.

माल चोरीचा नाही ना?

दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या गाडीतून पार्ट निघाला तिचा नंबर विचारा, एमपरिवहन ॲपमध्ये टाका. मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख जुळतेय का बघा. गाडी स्क्रॅपला गेली म्हणत असतील तर कागद असतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र मालकाला गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र देतं. विकणाऱ्याचं नाव, तारीख आणि रक्कम लिहिलेली साधी पावती घ्या, पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. ‘नंबर कशाला पाहिजे?’ म्हणून चिडणाऱ्याकडून मी घेत नाही, स्वस्त असला तरी.

कराचं थोडक्यात: राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. पण आमच्यासारखे हायवेच्या जवळचे लोक इथे फसू शकतात. वापीचं, सुरतचं गिऱ्हाईक सहज मिळतं, आणि दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सोय आहे. धंदा वाढला की सीएला एकदा भेटा.

पैसे घेताना

‘मी आर्मीत आहे, माल न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील.’ हा फोन तुम्हालाही येणार, जाहिरात टाकल्यापासून तासाभरात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. आणि खरं गिऱ्हाईक कोणतं हे ओळखायची माझी खूण सोपी आहे. खरा माणूस पहिल्यांदा किंमत विचारत नाही, तो विचारतो, ‘कितव्या सालची गाडी? पेट्रोल का डिझेल?’

माझी आत्ताची एक जाहिरात खाली देतो, हवी तर अशीच्या अशी उचला:

‘स्विफ्ट २०१४ पेट्रोल, पुढचे स्ट्रट, डावा-उजवा जोडी, स्प्रिंगसकट. पार्ट नंबर फोटोत. गाडी ५२,००० किलोमीटर चाललेली, मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. गळती नाही, व्हिडिओ बघा. डाव्याचं वरचं माउंटिंग चिरलंय, नवीन टाकावं लागेल, ते किमतीत धरलंय. जोडी १,४५०, सुटा मिळणार नाही. मिस्त्रीला घेऊन या, इथेच तपासा. बसवायच्या आधी मिस्त्री नको म्हणाला तर तीन दिवसांत पैसे परत. वज्रेश्वरी, अंबाडी रोड. फोन संध्याकाळी सहानंतर.’

ही मंगळवारी टाकली होती, गुरुवारी १,३५० ला गेली.